गुरुवारची मिटिंग

परदेशातल्या एका मोठ्या बँकेच्या अधिकारी सुनंदा मॅडम सुरतेच्या नवागाम वस्तीतला आमचा मराठी बायकांचा बचत गट बघायला आल्या, ते सत्त्याण्णव साल. मॅडम मूळच्या मराठीच, त्यामुळे बोलणं सोपं झालं. चार वर्षांत एकीनेही गुरुवारची मिटिंग चुकवलेली नाही, हे रजिस्टरात बघून त्या खूश झाल्या.

"घरचं करता, साड्यांना टिकल्या लावता, वर दर आठवड्याला हे. मी वरती सांगते, मिटिंग महिन्यातून एकदाच ठेवू."

कुणीच टाळी वाजवली नाही. आमच्या अध्यक्ष धुरपदाबाई तोवर कुठल्याच साहेबाला नाही म्हणाल्या नव्हत्या. त्या उठल्या.

"नको मॅडम. जमलं तर आठवड्यातून दोनदा करा."

"का हो? एवढं काय असतं मिटिंगमध्ये?"

भाजीचा भाव सांगावा तशा आवाजात धुरपदाबाई म्हणाल्या,

 

"मिटिंगमध्ये काही नसतं. पण गुरुवारी चारचौघींत बसायचं असतं, म्हणून बुधवारी कुणाचाच नवरा हात उचलत नाही."