पाळण्याची घुंगरं

आत्या पाळणा म्हणायची, तेव्हा पाळण्याला बांधलेली घुंगरं तिच्या सुरामागून किणकिणायची. ती गेल्यावर तो आवाज अनंतरावांकडे एका कॅसेटमध्ये उरला होता.

“घुंगरं बुडालीत. ॲम्प्लिफायर लेचापेचा, स्पीकरांना पुरत नाही,” म्हणत त्यांनी दणकट ॲम्प्लिफायर आणला. मग त्याच्या तोलाचे स्पीकर आणले.

“आता या जोडीला शोभेल असं घर बघा,” शैलाताई नवऱ्याला हसल्या.

“चेष्टा पुरे. तुला तरी येतात ऐकू?”

“छे हो!”

आज नव्या स्पीकरांतूनही घुंगरं आली नाहीत. “कॅसेटच झिजली. टाकून देतो,” म्हणत अनंतराव उठले.

शैलाताईंनी त्यांचा हात धरला. “थांबा. मला पहिल्या दिवसापासून ऐकू येतात घुंगरं. तुमच्या मनाला लागेल म्हणून बोलले नाही. कान थकलेत तुमचे.”