चालणारी बाई

दीक्षाचं लग्न झालं त्याच साली तिचा धाकटा भाऊ पियुष बारावी झाला आणि घोळात पडला. कॉलेजात गेम आर्ट घ्यावं की गेम प्रोग्रामिंग?

"दोन्हीत फरक काय गा?" आजोबा लहानूनं विचारलं.

"आर्टवाला गेममधला माणूस काढते, आबा. प्रोग्रामिंगवाला त्याले चालवते."

लहानूनं खाटेकडे पाहिलं. लकवा मारल्यापासून मीराबाई तिथंच पडून होती.

"मंग चालवणंच शीक. तुह्या आजीले चालवून दाखव."

"मले चालवून कुठी धाडता जी?" मीराबाई हसली. "त्यापेक्षा माह्यं तोंड काढू द्या पोराले."

"तोंड त रोजच पाहून राहिलो वं."

दुसऱ्या वर्षाच्या उन्हाळी सुट्टीत पियुषनं हुडकेश्वरातल्या आपल्या घरी लॅपटॉप उघडला. पडद्यावर एक बाई लुगड्याचा पदर सावरत निघाली. चाल मीराबाईचीच, झपझप. लहानूचे डोळे भरून आले. चेहऱ्याच्या जागी मात्र नुसता कोरा गोळा होता.

"अन् तोंड?"

"ते आर्टवाले काढतात, आबा. मले नाही येत."

"असू दे. तोंड त..." म्हणत लहानूनं सवयीनं खाटेकडे पाहिलं.


मीराबाई यंदाच्या बुद्धपौर्णिमेच्या आदल्या सकाळी वारली होती.