बाईंची बॅटरी

"किल्ली दे, आई."

चिरंजीव हात पुढे करून स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. तीन महिन्यांत आईची गाडी तिसऱ्यांदा बंद पडली होती आणि तिसऱ्यांदा ते तासभर गाडी हाकत इथे आले होते. या वेळी मात्र ठरवूनच आले होते. गाडी विकून टाकायची.

आई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. ओळखीचे सगळे त्यांना बाईच म्हणत. बाईंनी गॅसवरचं चहाचं आधण बारीक केलं, किल्ली चष्म्याच्या घरात टाकली, घर टपकन मिटलं आणि खुर्चीत बसून विचारलं, "कारण?"

"कारण तू दिवे चालू ठेवून विसरतेस. बॅटरी उतरते. सत्तरीनंतर व्हायचंच असं."

"मी दिवे विसरत नाही."

"विसरणाऱ्याला कुठे आठवतं, आपण विसरलो ते?"

आयुष्यभर बाईंनी शाळेतल्या पोरांना असंच निरुत्तर केलं होतं, त्यामुळे राग येण्याऐवजी त्यांना मुलाचं थोडं कौतुकच वाटलं.

"बरं," त्या म्हणाल्या. "मेकॅनिक येतोय. दिव्याचं बटण चालू सापडलं, तर किल्ली तुझी. नाही सापडलं, तर पुन्हा मागायची नाही."

मेकॅनिक आला. तोही बाईंच्याच हाताखालून गेलेला. आता पोट सुटलं होतं, स्वतःचं गॅरेज होतं, तरी बाईंसमोर आला की हात पाठीमागे बांधूनच उभा राही. मागच्या दोन्ही वेळी तो घाईत होता. दुसऱ्या बॅटरीला वायरी जोडून त्याने गाडी सुरू करून दिली होती आणि पळाला होता. आज चिरंजीवांनी त्याला नीट बघायला सांगितलं. त्यांना पुरावा हवा होता.

दिव्याचं बटण बंद होतं. डिकीतला दिवाही बंद होता. पण चिरंजीव इतक्यात हार मानणारे नव्हते. निघण्याआधी त्यांनी मोबाइलवर बराच अभ्यास केला होता.

"बॅटरी जुनी झाली असेल."

"गेल्याच वर्षी मी बसवली, दादा."

"मग टोकांवर पांढरी भुकटी साचली असेल."

"बाई दर महिन्याला गरम पाण्यात सोडा घालून पुसतात. वर व्हॅसलिनचा हात फिरवतात. माझ्या स्वतःच्या गाडीला एवढं सुख नाही."

"मग ती गाडी फार कमी चालवत असेल. उभी राहिली की बॅटरी भरत नाही, असं लिहिलंय."

हे मात्र मेकॅनिकला पटलं. "किती दिवस उभी होती, बाई?"

"झाले असतील दोन आठवडे," बाई म्हणाल्या. "हल्ली मी पायीच जाते. चालणं चांगलं असतं."

मेकॅनिकने मान हलवली. "दोन आठवड्यांत चांगली बॅटरी उतरत नाही. हिला काहीतरी पितंय." त्याने बॅटरीला मीटर लावला. गाडीतलं सगळं बंद होतं, तरी आकडा काही शून्यावर येईना. मग त्याला बॅटरीपासून निघालेली एक बारीक काळी वायर दिसली. ती गाडीच्या मूळ वायरींतली नव्हती. वायर धरून तो पुढे सरकू लागला.

चिरंजीवांनी घाईघाईने घड्याळ पाहिलं. "जाऊ दे रे. नवीन बॅटरीच टाकून दे. पैसे मी देतो."

पण मेकॅनिक तोवर स्टिअरिंगखाली आडवा झाला होता. तिथून त्याने काडेपेटीएवढी काळी डबी ओढून बाहेर काढली. तिच्यावर लाल ठिपका मंदपणे लुकलुकत होता.

"ही कुणी बसवली?"

एवढा मोठा माणूस, हाताखाली चाळीस जण, पण चिरंजीव बुटाच्या टोकाने जमीन उकरू लागले.

"मी," ते शेवटी म्हणाले. "आई कुठे आहे ते मोबाइलवर दिसतं. बाबा गेल्यापासून ती एकटीच हिंडते. काळजी वाटते."

"दादा, ही रात्रंदिवस जागी असते," मेकॅनिक म्हणाला. "गाडी रोज फिरली तर बॅटरी परत भरते, काही कळतही नाही. गाडी उभी राहिली की ही बया हळूहळू सगळी बॅटरी रिकामी करते. काढून टाकू?"

चिरंजीवांना मनापासून लाज वाटली. डबी लपवली त्यांनी आणि विसराळू ठरवलं आईला. वर किल्लीसाठी हात पसरला होता. "काढ," ते हळूच म्हणाले.

"राहू दे."

दोघांनी वळून पाहिलं. बाई ट्रेमध्ये तीन कप चहा घेऊन पायरीवर उभ्या होत्या.

"तुला माहीत होतं?" चिरंजीवांनी विचारलं.

"हयात गेली माझी बाकांखाली हात घालून चिठ्ठ्या काढण्यात. तू माझ्याच गाडीत काय लपवणार?"

"आणि तिच्यामुळे बॅटरी उतरते, तेही?"

"पहिल्या खेपेला गुडघा दुखत होता म्हणून गाडी उभी राहिली. तेव्हा लक्षात आलं. पुढच्या दोन खेपांना मीच उभी ठेवली."

"अगं पण कशाला?"

बाई पायरी उतरून खाली आल्या. किल्लीसाठी पुढे झालेल्या त्याच हातात त्यांनी चहाचा कप दिला.

"गाडी चालू असते तेव्हा तू मला मोबाइलवर बघतोस," त्या म्हणाल्या. "बंद पडली की घरी येतोस."