दुसरा डबा

निवृत्त झाल्यापासून बायकोचा, चारुशीलाचा, ऑफिसचा डबा मुकुंदरावच करत. संध्याकाळी त्यांनी तिच्या डब्यातला उष्टा चमचा रोजच्यासारखा ओट्यावरच्या खाचेत ठेवला. चमच्याने स्वतःवरची लाळ तपासली आणि ओट्यावर अक्षरं उमटली : ‘रक्त फारच कमी. उद्या नाचणी, बीट, हळीव.’

मुकुंदरावांनी अक्षरं पुन्हा वाचली. कालपर्यंत तर सगळं ठीक होतं.

“चारू, उद्या रजा टाक. डॉक्टरांकडे जाऊ.”

चारुशीला ओशाळली. “अहो, आज चमचा माझ्या तोंडात गेलाच नाही. आमच्याकडे सायली म्हणून नवीन मुलगी लागलीय. एकटीच खोली घेऊन राहते, दुपारी नुसती बिस्किटं खाते. डबा तिला दिला.”

“आणि तू?”

“तिची बिस्किटं.”

सकाळी टेबलावर दोन डबे होते. दुसऱ्यात नाचणीची भाकरी, बिटाची कोशिंबीर आणि हळिवाचे दोन लाडू.

“एवढं ती कशी घेईल? संकोची आहे हो,” चारुशीला म्हणाली.

“तिला सांग, डबा सगळा नाही संपला तरी चालेल,” मुकुंदराव झाकण लावत म्हणाले, “पण चमचा न धुता पाठव. पोरीची तब्येत मला रोज कळायला हवी.”