पसंतीक्रम

"अपक्ष ना? मग तीन चिन्हं पसंतीक्रमाने लिहा, अक्का," निवडणूक अधिकारी म्हणाले. अंबुजाने तिन्ही रकान्यांत एकच चिन्ह लिहिलं: शिलाई मशीन. मल्लेश्वरमच्या फुटपाथवर तीस वर्षं मशीन चालवून तिच्या अप्पांनी घर पोसलं होतं. वॉर्डाच्या माजी नगरसेवकाचा पुढारीपणाचा पहिला पांढरा शर्टही त्यांनीच शिवलेला. त्यानेच पुढे 'अतिक्रमण' म्हणत ते मशीन लाथेने गटारात लोटलं. हाय खाऊन अप्पा महिन्याभरात गेले. आज तोच माणूस अर्ज भरायला शेजारच्या खुर्चीत बसला होता. "स्वल्प विचार कर, अक्का. डिपॉझिट जाईल," तो हसला. "जाऊ दे." "मग उभी कशाला राहतेस?" अंबुजाने सही ठोकली. "ज्या मतपत्रिकेवर तुमचं नाव, तिच्यावरच आमचं मशीन छापून येणार. स्वतःच्या नावावर शिक्का मारताना तुम्हाला ते बघावंच लागेल. आणि कागदावरच्या मशीनला लाथ मारता येत नाही, अण्णा."