गुरुवारची मीटिंग

"मॅडम मीटिंगमध्ये आहेत," सुकन्याने सांगितलं आणि फोन ठेवला. असलं खोटं बोलणं पीएला काही नवं नसतं. तिला डाचत होतं ते वेगळंच. हे खरं आहे की खोटं, हेच तिला ठाऊक नव्हतं.

अक्कलकोट रोडवरच्या त्या टॉवेल कारखान्याच्या मालकीणबाई सावित्रम्मा. सगळे त्यांना अम्मा म्हणत. दर गुरुवारी जेवण झालं की अम्मा मोबाईल ड्रॉवरमध्ये टाकायच्या, कुणी विचारलं तर मीटिंग म्हणून सांग, असं बजावायच्या आणि गाडीत बसून जायच्या, ते थेट संध्याकाळच्या चहाला परतायच्या. मधल्या वेळात काही अडलंच, तर सुकन्या कसंबसं निभावून न्यायची. कँटीनच्या केसरबाईचं म्हणणं, अम्मा गुडघ्यांना तेल लावून घ्यायला जातात. रंगखात्यात कुजबुज होती की त्या कारखाना विकायला काढतायत. ड्रायव्हर नागनाथला तर सुकन्याने किती वेळा खोदून विचारलं. "मी गाडी चालवतो ताई, जीभ न्हाय," म्हणून तो काच वर करायचा.

आधी ही नुसती उत्सुकता होती. पण दिवाळीला जुने मॅनेजर निवृत्त झाले, त्यांची खुर्ची रिकामी पडली आणि परवा पुण्याहून एक टायवाला तरुण अम्मांना भेटून गेला. तेव्हापासून सुकन्या धास्तावली होती. ती खुर्ची तिला हवी होती. पण मागायची कुठल्या तोंडाने? आपण फोन उचलणाऱ्या, असं ती स्वतःलाच बजावत आली होती. आता तर आहे ती नोकरी राहते की तीही जाते, कोण जाणे.

त्या गुरुवारी रंगखात्याचा बसू धावत वर आला. परदेशी जाणारा माल भरायला ट्रक उभा होता आणि टॉवेलचा निळा रंग नमुन्यापेक्षा फिका वाटत होता. भरायचा की थांबवायचा? खाली ट्रकवाला हॉर्न वाजवत होता. सुकन्याने सवयीने अम्मांच्या केबिनकडे पाहिलं. केबिन रिकामी. मग ती उठली, तिने टॉवेल आणि नमुना उन्हात शेजारी शेजारी धरले आणि माल थांबवायला सांगितला. माल घेणाऱ्या व्यापाऱ्याला स्वतःच फोन लावून चार दिवसांची मुदत मागितली. त्याने कुरकुरत का होईना, दिली.

फोन ठेवल्यावर मात्र तिच्या ध्यानात आलं, एवढा मोठा निर्णय आपण न विचारता घेऊन बसलो. दुसऱ्या कुणी अम्मांचे कान भरण्याआधी आपणच सांगितलेलं बरं, म्हणून ती स्कूटी काढून त्यांना शोधायला निघाली. फार लांब जावं लागलंच नाही. कारखान्याच्या मागच्याच गल्लीत अम्मांची गाडी उभी होती. पूर्वी कारखान्यात शिलाईला असलेल्या गंगम्माच्या ओट्यावर अम्मा पाय पसरून बसल्या होत्या. दोघी शेंगा सोलत होत्या.

सुकन्याने एका दमात सगळं सांगून टाकलं. अम्मांनी रंगाचं काहीच विचारलं नाही.

"कुणाला विचारून माल थांबवलास?"

"कुणालाच नाही, अम्मा. माझी जागा जाणार का?"

"जाणार की. तुझ्या टेबलावर तो पुण्याचा पोरगा बसंल. तू मॅनेजरच्या खुर्चीत बस."

सुकन्या पायरीवर बसली. आनंदाने तिला रडूच आलं असतं, पण त्याआधी इतके दिवस पोटात ठेवलेला प्रश्न बाहेर पडला.

"पण अम्मा, दर गुरुवारी ही मीटिंग असायची तरी कुणाची?"

अम्मांनी तिच्या ओंजळीत मूठभर शेंगा ओतल्या.

"तुझीच की. मी तितं असले की तू मलाच विचारत बसतीस, म्हणून मी आपली हितं येऊन बसते."