बारा शिलिंगची नोट

"पाचच मिनिटं आहेत. एलवुड समोर न्हाव्याकडे बसलाय," म्हणत त्याची बायको लॉरेटा स्टोक्सने पर्समधून नोट काढून काउंटरवर ठेवली. न्यू जर्सीची, १७७६ सालची, बारा शिलिंगची. मागच्या बाजूला झाडाचं पान छापलेलं आणि तंबी दिलेली : नक्कल कराल तर मराल.

"उद्या तो आला की त्याला ही वीक," ती दुकानदार डॉमिनिकला म्हणाली. "आमचीच आहे. पण त्याला आता काही आठवत नाही रे. अशी नोट हाती लागली की दिवसभर खुशीत असतो बिचारा. पैसे मागाहून मला दे."

डॉमिनिक तीस वर्षं बर्लिंग्टनमध्ये जुन्या नोटा विकत होता. हल्ली हे सगळं तो दर शुक्रवारी ऐकायचा आणि मान डोलवायचा.

शनिवारी एलवुड आला. त्याने नोट उजेडात धरली. कागदातला अभ्रक चमकला.

"घड्या पडल्यात," तो म्हणाला.

"अडीचशे वर्षं झाली तिला. पडणारच."

"मला ऐंशीतच पडल्यात, म्हणून काय माझी किंमत वाढली? कमी कर."

घासाघीस चांगली रंगली. नोट खिशात घालून म्हातारा शीळ वाजवत गेला.

हिवाळाभर असंच चाललं. मार्चमध्ये डॉमिनिकने दुकान विकलं. त्याला मुलीकडे ओहायोला राहायला जायचं होतं. नव्या मालकाला हे नाटक कोण समजावणार? शिवाय एका भल्या माणसाला आपण दर आठवड्याला बनवतो, हे त्याला आत कुठेतरी टोचत होतंच. शेवटच्या शनिवारी त्याने नोट पुढे सरकवली आणि एकदाचं सांगून टाकलं.

"एलवुड, ही नोट तुमचीच आहे. दर वेळी तुम्ही हीच घेऊन जाता."

"ठाऊक आहे. चौऱ्याहत्तर साली ट्रेंटनच्या लिलावात घेतली होती. पाऊस होता त्या दिवशी."

डॉमिनिकने विचारलं, "मग हे सोंग कशाला?"

एलवुडने टोपी काढून हातात घेतली.

"ऑक्टोबरात डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवून लॉरेटाचे रिपोर्ट वाचून दाखवले. बाहेर आलो, तर तिनंच माझा हात घट्ट धरला आणि म्हणाली, 'घाबरू नकोस एलवुड. तू सगळं विसरलास तरी मी आहे ना.'"